चुलीला आवतण

५ जानेवारी

चेतना, लग्नाच्या गडबडीत तू काय काय विसरशील याचा मला अंदाज होता, पण सुरुवातच अशी करशील असं वाटलं नव्हतं. शहाद्याहून माझ्यासाठी वही आणलीस. जाड पुठ्ठ्याची, वर पोपट. निळं पेन आणलंस. "आजी, लग्न होईपर्यंतचं सगळं यात लिहून ठेव, मी नंतर वाचीन," म्हणालीस आणि स्कूटीवर बसून गेलीस. सत्तावीस वर्षं या घरात राहिलीस, माझ्या मांडीवर वाढलीस, आणि तुझ्या आजीला अक्षर येत नाही एवढंच विसरलीस! बँकेत माझा अंगठा धरून शाईच्या डबीवर कोण दाबतं? तूच ना?

म्हणून मी बोलते आणि तुझी आई लिहिते. मी आपल्या बोलीत बोलते, रोशनी शाळेच्या भाषेत लिहिते, त्यामुळे मी आहे त्यापेक्षा शहाणी वाटेन. हसते आहे ती. तेही लिही म्हटलं.

पुढे कुणी परक्याने ही वही उघडली तर त्याच्यासाठी सांगते. मी भिकुबाई, कळसाडीची. मालक हिलाल जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा भूपेंद्र, सून रोशनी, नात चेतना. चेतना जंगलात पक्षी मोजते. मी विचारलं, मोजून झाल्यावर काय करतात? म्हणाली, पुढच्या वर्षी परत मोजतात. तिचा नवरा होणारा उमाकांत पुरुषोत्तमनगरचा. तो शहरातल्या लोकांना सातपुड्यात पायी चालवून आणतो. आमच्या काळी लोक एसटी चुकली की चालायचे. आता त्यासाठी सुट्टी काढतात.

लग्न बावीस फेब्रुवारीला, आपल्याच मळ्यात, विहिरीजवळच्या आंब्याखाली. मांडव नाही, खुर्च्या नाहीत, वाजंत्री नाही. मी म्हटलं, नवरदेव तरी आहे ना?

९ जानेवारी

आज पोरांनी लग्नाचं बोलावणं फोनवरून सगळ्यांना सोडलं. पत्रिका नाही. रोशनीने मला वाचून दाखवलं, ते इथे लिहायला लावते आहे, नाहीतर पुढे कुणाला खरं वाटणार नाही:

"आमचं लग्न आहे, मळ्यात. जमिनीवर बसायचं आहे. ढेकळं आहेत, बूट घालून या. आहेर आणू नका. आपल्या घरात जे चांगलं होतं ते एक काहीतरी खायला आणा. सगळ्यांचं एकत्र करून एकाच पंगतीत जेवू. चेतना आणि उमाकांत."

पहिला फोन माझ्या नणंदेचा, तापीबाईचा. "वहिनी, जेवाले बलावतस आनि जेवन बी आम्हीच लयानं? तुम्हना घरमा चूल शे का नई?"

मी म्हटलं, "चूल आहे, बाई. तुझ्या हातचे पापड कसे लागतात ते पाहुण्यांना कळू दे म्हणून बोलावलं. आजवर तू कुणाला खाऊ दिलेस कुठे?"

फोन ठेवला तिने. पण येईल. पापडही आणील, आणि ते कोण खातं, कोण नाही, हेही बघेल.

वर थट्टा केली खरी, पण ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. आपल्या घरात जे चांगलं होतं ते आणा. असं न सांगता एकदा एक बाई घेऊन आली होती. पुढचं आज नको. रोशनी, पेन ठेव.

१४ जानेवारी, संक्रांत

आज सगळे घरात होते म्हणून मी बोलून टाकलं. तुम्ही फोनवरून गावाला बोलवा नाहीतर मुलखाला, एका घरी मात्र अक्षता घेऊन जायचं. मोलगीच्या पुढे पाड्यावर तुळशीबाई राहते. तिला जाऊन सांगायचं.

चेतना म्हणाली, "कोण तुळशीबाई?"

मी म्हटलं, आपल्या मळ्यात कापूस वेचायला यायची. ती आणि तिचा नवरा वाहरू. दिवाळी झाली की डोंगरातून उतरायचे, होळीला परत जायचे. वीस-बावीस वर्षं आले. झोपडी त्याच आंब्याखाली घालायचे.

"मग यायचे का थांबले?"

मी तिळाचा लाडू तोंडात टाकला. तोंडात लाडू असला की बोलता येत नाही.

भूपेंद्र दारात बसून हरभरा सोलत होता. मग एकदम म्हणाला, "मोलगीपासून चार किलोमीटर. चिंचेपाशी डावीकडे वळायचं, हातपंप लागतो, त्याच्या वरचं घर. निळं दार आहे." मला नवल वाटलं. याला आपल्या घरातली मिठाची बरणी सापडत नाही! बाजारात कुणाला तरी विचारलं असेल. दरवर्षी दोनदा तो मोलगीच्या बाजाराला जातो, अख्खा दिवस घालवतो, आणि आणतो काय तर आमचूर आणि भगर. आमचूर मात्र चांगला मिळतो त्याला, असा पांढरा शहाद्यात मिळत नाही. व्यापारी ओळखीचा झाला असेल.

त्याच्यावरून आठवलं. दिवाळीला घेतलेली निळ्या काठाची नवी चादर सापडत नाही. भूपेंद्र म्हणतो उंदरांनी खाल्ली. अख्खी? काठासकट?

१५ जानेवारी

कंबर दुखते. लिहिण्यासारखं काही नाही.

२३ जानेवारी

सकाळी पोरं मोलगीला गेली. अक्षता मी स्वतः भिजवल्या, हळद-कुंकू जास्त घातलं. नव्या कापडात बांधून चेतनाच्या हातात दिल्या आणि शब्द पाठ करून घेतले: "तुमच्या चुलीला आवतण आहे." एका माणसाला नाही, घराला नाही, चुलीला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हातारं-कोतारं, लेकरं, सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. याच्या वरचं बोलावणं आपल्यात नाही.

"अक्षता तिच्या हातावर ठेव," मी सांगितलं. "खाटेवर ठेवू नको, फळीवर ठेवू नको. हातावर."

"आजी, तू पण चल ना. जीपमध्ये पुढे बसवतो."

मी म्हटलं, घाटात माझी कंबर राहील आणि मी एकटीच वर पोचेन. पोरं हसली. चेतना, मला हसवता येतं म्हणून मी किती ठिकाणी जायचं चुकवलं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही हे बरं.

२४ जानेवारी

पोरं आली. तुळशी आहे. चालती-बोलती आहे, एका डोळ्याने कमी दिसतं. शेतीचं आता मुलगा इंद्रसिंग बघतो. वाहरू गेला.

चेतना खूश होती. म्हणाली, "आजी, अक्षता हातावर ठेवल्या. चुलीला आवतण म्हणाले. त्यांनी अक्षता कपाळाला लावल्या. मग मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, येताना तुमच्या घरचं काहीतरी खायला आणा."

मी म्हटलं, "काय सांगितलंस?"

"खायला आणा म्हणून. सगळ्यांनाच सांगतोय ना आम्ही."

"मग ती काय म्हणाली?"

"आधी काहीच नाही. मग हसल्या. मग विचारलं, तुझ्या आजीच्या गोठ्यात म्हशी अजून आहेत का?"

उमाकांत माझ्याकडे बघत होता. तो पक्षी बघतो तसंच बघतो, हालचाल न करता.

चेतना पुढे म्हणाली, "आणि पप्पांचा गुडघा कसा आहे तेही विचारलं." आता गुडघा दुखायला लागला गेल्या पावसाळ्यात. तिला कसं कळलं? चेतनाच बोलली असेल, हिच्या तोंडात काही राहत नाही.

जेवले नाही. भूक नव्हती.

२५ जानेवारी

आज रोशनी वही घेऊन बसली. मी म्हटलं, नको.

२८ जानेवारी

रोशनी, आता मी सांगते ते लिही, आणि मध्ये माझ्याकडे बघू नको.

भूपेंद्र झाला तेव्हा मला मुदतीचा ताप आला. सतराव्या दिवशी दूध आटलं. गाईचं दूध त्याला पचेना. पोरगं काळं-निळं पडलं. सासूबाई अंगारा लावत बसल्या. मळ्यात तुळशी होती, तिचा इंद्रसिंग दोन महिन्यांचा. ती आपण होऊन आली. दाराबाहेर उभी राहिली, आत यायची सोय नव्हती ना तेव्हा. म्हणाली, "बाय, पोर इकडे दे." तीन महिने तिने त्याला पाजलं. एका अंगाला इंद्रसिंग, एका अंगाला भूपा. मी खाटेवरून बघायची. माझं पोर दुसरीच्या पदराखाली गप्प झोपायचं, त्याचा मला राग यायचा. हे खोटं नाही. ज्या बाईने पोर वाचवलं तिचाच राग.

सासूबाईंनी सांगितलं, ही गोष्ट या घराबाहेर जायची नाही. गेली नाही. भूपालाही सांगितली नाही.

मग भूपाचं लग्न ठरलं, रोशनी, तुझ्याशी. तुळशीला मी आवतण दिलं नव्हतं. "हळदीला जेवायला या सगळे," असं मळ्यातल्या माणसांना मिळून सांगितलं होतं, त्यात तीही. ती दोन दिवस आधी डोंगरात जाऊन आली आणि हळदीच्या सकाळी डोक्यावर टोपली घेऊन दारात उभी राहिली. महूच्या, म्हणजे मोहाच्या, फुलांचे लाडू. फुलं भाजून, तीळ घालून, गूळ घालून कुटलेले. काळे असतात, पण वास असा की अंगणातली माणसं मागे वळली. म्हणाली, "पहिला मी भूपाच्या तोंडात घालेन."

अंगणात माझ्या माहेरच्या बायका होत्या, तुझ्या माहेरची माणसं यायची होती. कुणी विचारलं असतं, ही कोण? हिच्या हातचं नवरदेव का खातो? मी तिचा हात धरला. "नंतर," म्हटलं. टोपली घेतली, मागे गोठ्यात नेली आणि लाडू म्हशींच्या गव्हाणीत ओतले. गड्याला सांगितलं नाही, माझ्या हातांनी ओतले. वाटलं, पुढे विचारलं तर सांगू, सगळ्यांनी खाल्ले, छान होते.

तुळशी डोक्यावरची कापडाची चुंबळ विसरली होती, ती टोपलीतच होती. ती घ्यायला गोठ्यात आली. म्हैस खात होती. तिने बघितलं. मला बघितलं. चुंबळ उचलली, झटकली आणि गेली. वाहरू जेवायला बसला होता, त्याला पानावरून उठवून घेऊन गेली. त्या वर्षीपासून आली नाही.

इथे रोशनीचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिही की. ती म्हणाली, "आई, मी लग्न होऊन आले त्या सकाळी गोठा बघायला गेले होते. गव्हाणीच्या कोपऱ्यात दोन लाडू राहिले होते. मला वाटलं, या घरात म्हशींना लाडू घालतात. मी माहेरी सांगितलं, फार मोठ्या घरात पडले."

एकोणतीस वर्षं ही बाई माझ्या घरात आहे आणि हे आज बोलली. हसावं की काय करावं कळेना.

मी म्हटलं, हे पान फाड. मग म्हटलं, राहू दे.

३ फेब्रुवारी

भूपाला सांगायचं ठरवलं. तो विहिरीची मोटर बघून आला, माझ्याजवळ बसला. मी म्हटलं, "भूपा, तू लहान होतास तेव्हा..."

तो म्हणाला, "माहीत आहे, आई." आणि माझे पाय दाबायला लागला. त्याला काय माहीत असणार? म्हाताऱ्या माणसाचं बोलणं टाळायचं म्हणजे असंच म्हणतात. पाय मात्र चांगले दाबतो. झोप लागली मला.

११ फेब्रुवारी

आंब्याखाली पोरांनी जागा साफ केली. बाजूचा हरभरा अजून उभा आहे, उमाकांत म्हणाला उभाच राहू दे, लोक सोलून खातील. हा पोरगा मला आवडतो. उगाच वाकून नमस्कार करत नाही, खाली बसून बोलतो. आज म्हणाला, "आजी, तुळशीबाईंना आणायला मी स्वतः गाडी घेऊन जाऊ?"

हो म्हणायला हवं होतं. म्हटलं, "यायचं असेल तर येईल. आपण किती वाकायचं?" ही आपली जीभ. वाकायला मला तिने सांगितलंच नव्हतं, तिने फक्त म्हशींचं विचारलं होतं.

२३ फेब्रुवारी

काल लग्न झालं.

चेतना, तू सुंदर दिसत होतीस, बूट सोडून. दोनशे माणूस आलं आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. कळण्याच्या भाकरी, भरीत, कुरडया, शेवभाजी, कुणाचे मांडे, कुणाच्या खापरावरच्या पोळ्या. तापीबाईने पापड आणले आणि पापडाशेजारीच ठाण मांडून बसली. हरभऱ्यात पोरंटोरं शिरली. अशी पंगत मी आयुष्यात बघितली नाही. कोण कुणाचं खातंय ते कुणी विचारत नव्हतं. इतकं सोपं होतं का हे? मग मला तेव्हा का जमलं नाही?

माझ्या उजव्या हाताला मी एक पान मांडून ठेवलं होतं. कुणी बसायला आलं की म्हणायची, इथे माणूस आहे.

तुळशी आली नाही. इंद्रसिंग आला, मोटरसायकलवर. सकाळचा गारठा म्हणून चादर गुंडाळून आला होता. निळ्या काठाची, आपली हरवली तसलीच. बाजारात एकसारखा माल येतो. भूपा त्याला बघून धावत गेला, दुखऱ्या गुडघ्याने धावला, आणि दोघं गळ्यात पडले. पन्नाशी उलटलेले पुरुष, कधीची ओळख असल्यासारखे. लग्नात माणसं अशीच भारावतात.

इंद्रसिंगने उडदाची डाळ आणि ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या. डबा उघडून पंगतीत ठेवला. लाडू नव्हते. मी डब्याच्या आत दोनदा बघितलं.

तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "आई म्हणाली, आवतण पोचलं."

एवढंच. आणि मी काय बोलावं? तीस वर्षं जे बोलायचं होतं ते समोर येऊन वाकलं होतं. मी म्हटलं, "कापूस कसा झाला यंदा?"

त्याने कापसाचं सांगितलं. मी मान डोलवली. रोशनी माझ्याकडे बघत होती. मग तो आणि भूपा शेजारी शेजारी जेवायला बसले, आणि भूपाने त्याच्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला, न विचारता. माझ्या उजव्या हाताचं पान तसंच राहिलं. शेवटी मीच त्यावर डाळ वाढून घेतली आणि खाल्ली. चांगली होती. तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं, असं मी तापीबाईला सांगितलं.

२८ फेब्रुवारी

चेतना, उद्या तुम्ही दोघं होळीसाठी डोंगरात निघाला आहात, चार दिवस पायी. लोक लग्न झाल्यावर विश्रांती घेतात. ही वही पिशवीत टाक, वाचायची विसरशील म्हणून तुझ्या आईला सांगितलं आहे, तांबड्या दोऱ्याने पाण्याच्या बाटलीला बांधून दे. वाचलीस की तुझी आजी कशी आहे ते तुला कळेल. कळू दे.

वरच्या फळीवरून टोपली काढली आहे. तीच. तीस वर्षं तिच्यात लसूण ठेवला, काठ उसवला तेव्हा तार घातली. भूपा म्हणाला, "आई, त्यांना टोपली नको असेल, नवी देऊ." मी म्हटलं, तू मध्ये बोलू नको. तर म्हणाला, "मग मी पण पोरांबरोबर जातो, वाट मला माहीत आहे." जाऊ दे, त्याला आमचूर आणायचाच असेल.

कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे मीच तुम्हाला शिकवलं. ही टोपली मात्र रिकामीच पाठवते आहे. तिच्यात काही घालू नकोस. लग्नातली कुरडई नको, गूळ नको, नारळ नको. आपल्याकडून खाऊन तिचं काय व्हायचं आहे?

निळ्या दारापाशी बस आणि पुढचं मोठ्याने वाच. तिलाही अक्षर येत नाही.

तुळशी, मी भिकू. म्हशी विकल्या, मालक गेले त्याच साली. गोठ्यात आता पोरांच्या गाड्या उभ्या असतात. भूपाला मी सांगितलेलं नाही, तू सांग, तुझा हक्क आहे. मी येईन असं म्हणत नाही, म्हणेन आणि येणार नाही. लाडू पाठव. यंदाची फुलं पडायची आहेत, गेल्या वर्षीची वाळलेली असतील त्यांचे कर. तीळ जास्त घाल. मला दात नाहीत, बारीक कुटून पाठव. पहिला भूपाच्या तोंडात तूच घाल, तो आलाच आहे. उरलेले टोपलीत भर आणि वर तुझी चुंबळ ठेव.